कोणत्या पात्याला धार?
अ‍ॅक्शन गेम आणि प्रौढ मेंदू : प्रस्तावना

गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या हातात कंट्रोलर कोंबला. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. गेम म्हटलं की मला आठवतं ते शाळेच्या वाटेवरचं व्हिडिओ पार्लर, मुठीत घामेजलेलं रुपयाचं नाणं आणि दोन मिनिटांत संपणाऱ्या तीन लाइफ. इथे समोरच्या टीव्हीवर एक पडकं शहर होतं. मी नीट लक्ष देऊन समोरच्या खिडकीकडे बघत उभा राहिलो. "मामा, डावीकडे! अरे, डावीकडे बघ ना!" मी मान वळवेपर्यंत मेलो होतो. दहा मिनिटांत अकरा वेळा मेलो. त्यातल्या निम्म्या वेळा मारणारा पडद्यावर माझ्या नजरेच्या टप्प्यातच होता. तो दिसत होता, पण ध्यानात येत नव्हता. भाचा मात्र शेजारी बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता कोपऱ्यातला नकाशा, उरलेल्या गोळ्या आणि माझ्या पाठीमागून येणारी पावलं, सगळं एकदम टिपत होता.

स्वयंपाकघराच्या दारातून बहिणीने विचारलं, "दादा, तू एवढं मेंदूवर लिहितोस. या खेळांनी डोकं चालतं की बिघडतं, ते एकदाचं सांगून टाक. आणि चालत असेल तर मलाही शिकवा. हल्ली फ्रिज उघडते आणि कशाला आले तेच विसरते."

तिला वाटलं, मी एका वाक्यात उत्तर देईन. मलाही तसंच वाटलं होतं. शोधायला बसलो आणि ध्यानात आलं की या एका प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांची वीस वर्षांहून अधिक काळ जुंपलेली आहे. नामांकित संशोधनपत्रिकांतून परस्परविरोधी निष्कर्ष छापले गेले आहेत, आणि दोन्ही बाजूंची माणसं हुशार आहेत, प्रामाणिकही आहेत. हे पुस्तक त्या वादाची ओळख करून देतं. त्याआधी हे मैदान केवढं आहे, त्यात कोण कुठे उभं आहे आणि खेळ कोणत्या नियमांनी चालला आहे, एवढं या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

आधी शब्द स्पष्ट करू. या संशोधनात 'अ‍ॅक्शन गेम' म्हणजे मारधाडीचा कोणताही खेळ नव्हे. ज्यात गोष्टी वेगाने घडतात, एकाच वेळी अनेक हलत्या वस्तूंवर नजर ठेवावी लागते, पडद्याच्या मध्याइतकंच कडेलाही लक्ष द्यावं लागतं आणि पुढचं काय होईल याचा अंदाज क्षणाक्षणाला बदलावा लागतो, तो अ‍ॅक्शन गेम. 'कॉल ऑफ ड्यूटी', 'मेडल ऑफ ऑनर', 'अनरियल टूर्नामेंट' हे त्यातले ठरलेले नमुने. टेट्रिस वेगवान असला तरी या व्याख्येत बसत नाही. त्यात एका वेळी एकच तुकडा खाली येतो आणि कुठून येणार हेही ठाऊक असतं. म्हणूनच कित्येक प्रयोगांत टेट्रिस तुलनेसाठी वापरला गेला. आणि 'बुद्धी वाढते का' असं इथे कुणी मोघम विचारत नाही. तपासल्या जातात त्या सुट्या सुट्या क्षमता : अवधान, म्हणजे हवं त्यावर लक्ष ठेवून नको ते गाळण्याची ताकद, दृष्टीची सूक्ष्मता, मनातल्या मनात वस्तू फिरवून पाहण्याची अवकाशीय जाण, प्रतिसादाचा वेग, एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याची लवचीकता, आणि हातातल्या कामापुरती माहिती डोक्यात धरून ठेवणारी अल्पकाळची स्मृती.

प्रश्न गेमपेक्षा पुष्कळ जुना आहे. आपल्याकडे मुलांकडून पावकी, निमकी, अडीचकी घोकून घेताना 'पाठांतराने डोकं तल्लख होतं' हे गृहीतच असे. युरोपात हाच मान लॅटिन आणि भूमितीला होता. मन हा जणू एक स्नायू, कशानेही कमावला की तो सगळ्याच कामांना बळकट होतो, अशी ती कल्पना. 1901 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी तिला पहिला मोठा धक्का दिला. त्यांनी काही लोकांना आकृत्यांचं क्षेत्रफळ नुसत्या नजरेने ओळखायचा भरपूर सराव दिला. त्या आकृत्यांत त्यांचा हात बसला, पण आकार किंवा आकारमान बदललं की कमावलेलं बरंचसं कौशल्य गळून पडायचं. 1924 मध्ये थॉर्नडाइकने शाळेतल्या साडेआठ हजारांवर मुलांची पाहणी करून दाखवलं की लॅटिन किंवा भूमिती शिकणाऱ्यांची विचारशक्ती इतर विषय घेणाऱ्यांहून काही वेगळी वाढत नाही.

शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला 'अध्ययन संक्रमण' म्हणतात. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी कितपत उतरतं, हा तो प्रश्न. गल्लीत धारवाला येतो, पायाने चाक फिरवतो आणि ठिणग्या उडतात. पण विळी दिली तर विळीलाच धार लागते, घरातली सुरी बोथट ती बोथटच राहते. मेंदूचंही असंच असतं का, की काही सराव असे असतात ज्यांनी शेजारच्या पात्यालाही थोडी धार लागते? या पुस्तकाचा गाभा हाच आहे.

विळीच्या बाजूचा सर्वांत ठळक पुरावा 1980 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून आला. तिथल्या एका विद्यार्थ्याला वाचून दाखवलेले आकडे क्रमाने परत सांगायचा सराव दिला गेला. सुरुवातीला तो चारचौघांसारखा सात आकड्यांवर अडायचा. दीड वर्षाहून जास्त काळ, 230 तासांच्या वर सराव झाल्यावर तो 79 आकडे सांगू लागला. स्मरणशक्ती दहापट झाली, असं कुणालाही वाटेल. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर तो सहाच्या आसपास अडला. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता आणि आकड्यांचे गट शर्यतीच्या वेळा म्हणून डोक्यात बसवायचा. अक्षरांना ती युक्ती लागू पडेना. बुद्धिबळाचंही तेच. 1973 मध्ये चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की खऱ्या डावातली मांडणी निष्णात खेळाडू एका नजरेत लक्षात ठेवतो, पण तीच मोहरी पटावर कशीही विखुरली की त्याचा वरचढपणा जवळपास नाहीसा होतो.

या पार्श्वभूमीवर व्हिडिओ गेम आले. 1980 च्या दशकातलं संशोधन कुतूहलाच्या पातळीवरचं होतं. 1987 मध्ये काही वृद्धांना सात आठवडे 'पॅक-मॅन' आणि 'डाँकी काँग' खेळायला दिले, तेव्हा त्यांचा प्रतिसादाचा वेग सुधारलेला दिसला. इलिनॉय विद्यापीठात 'स्पेस फोर्ट्रेस' नावाचा एक गेम खास संशोधनासाठीच बनवला गेला. पुढे 1994 मध्ये डॅनिएल गोफर आणि सहकाऱ्यांनी तो इस्रायली हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांना दहा तास खेळायला दिला. खेळलेल्यांची पुढची उड्डाणं न खेळलेल्यांहून सरस ठरली. तरीही दुकानात मिळणारा, करमणुकीसाठी बनवलेला खेळ प्रौढाचं अवधान बदलू शकतो, असं ठामपणे म्हणायला कुणी धजत नव्हतं.

ते धाडस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात झालं, आणि सुरुवात झाली एका घोळापासून. डाफ्ने बाव्हेलिए यांच्या प्रयोगशाळेत शॉन ग्रीन नावाचा पदवीचा विद्यार्थी अवधानाची एक चाचणी संगणकावर तयार करत होता. ती त्याने स्वतःवर करून पाहिली, तर गुण इतके वर गेले की प्रोग्रॅममध्येच चूक असावी असं त्याला वाटलं. मग मित्रांना बसवलं. त्यांचेही गुण तसेच. इतर लोक मात्र नेहमीसारखेच चाचपडत होते. त्या मित्रमंडळींत समान गोष्ट एकच निघाली, ती म्हणजे सगळे अ‍ॅक्शन गेम खेळणारे होते.

ती चाचणी कशी असते ते जवळून बघण्यासारखं आहे. तुम्ही पडद्याच्या मधोमध नजर लावून बसता. क्षणभर, पापणी लवायच्या किती तरी आधी, कडेला कुठेतरी एक छोटी आकृती उमटून जाते. कधी मध्यापासून जवळ, कधी पार 30 अंशांवर, म्हणजे डोळ्यांच्या कोपऱ्यात. लगेच सगळ्या पडद्यावर रेघोट्यांचा गदारोळ येतो, डोळ्यांत रेंगाळणारी प्रतिमा पुसून टाकण्यासाठी. मग चाकाच्या आऱ्यांसारख्या आठ रेषा दिसतात आणि आकृती कोणत्या रेषेवर होती ते सांगायचं असतं. दुसऱ्या एका चाचणीत पडद्यावर झटकन काही चौकोन चमकतात आणि किती होते ते सांगायचं. तीनपर्यंत कुणालाही न मोजता कळतात, पुढे मोजावं लागतं. गेम खेळणाऱ्यांना मात्र पाचाच्या जवळपास आकडा न मोजताच कळत होता. 2003 च्या मे महिन्यात 'नेचर'मध्ये हा शोधनिबंध आला तेव्हा खळबळ उडाली ती त्याच्या शेवटच्या भागामुळे. कधीही अ‍ॅक्शन गेम न खेळलेल्या काही जणांना रोज एक तास, असे दहा दिवस 'मेडल ऑफ ऑनर' खेळायला दिलं, दुसऱ्या गटाला टेट्रिस. अ‍ॅक्शन गटाचं अवधान टेट्रिस गटापेक्षा जास्त सुधारलं. म्हणजे मुळात चांगली नजर असणारेच गेमकडे वळतात एवढंच यात नाही, गेममुळेही काहीतरी घडतं, असा दावा आता करता येत होता. मात्र प्रत्येक गटात दहाहूनही कमी माणसं होती. हे वाचकाने मनात नोंदवून ठेवावं, पुढे कामी येईल.

त्यानंतरची सात-आठ वर्षं या क्षेत्राचा सुगीचा काळ होता. 2007 मध्ये टोरंटोत फेंग, स्पेन्स आणि प्रॅट यांनी दाखवलं की दहा तासांच्या अ‍ॅक्शन गेमनंतर अवकाशीय चाचण्यांत स्त्रिया आणि पुरुष यांच्यातलं अंतर बरंच कमी होतं. 2009 मध्ये बाव्हेलिए यांच्या गटाने 50 तासांच्या खेळानंतर करड्या रंगाच्या अगदी फिकट छटा ओळखायची डोळ्यांची क्षमता वाढल्याचं नोंदवलं. त्यात तुलनेला होता 'द सिम्स 2' हा निवांत घर-संसाराचा खेळ. 2007 मध्येच न्यूयॉर्कच्या 33 शल्यचिकित्सकांची पाहणी प्रसिद्ध झाली. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्या डॉक्टरांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सराव-चाचण्यांत 37 टक्के कमी चुका केल्या होत्या. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. वास्तविक ही पाहणी गेममुळे हात सुधारला असं सांगत नाही, दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढंच सांगते. बर्कलीत 2011 मध्ये 'आळशी डोळा' असलेल्या वीस प्रौढांना चांगला डोळा झाकून गेम खेळायला दिले. त्यांची नजर सुधारली. पण त्यातल्या ज्या थोड्या जणांनी शहर वसवण्याचा संथ खेळ खेळला, त्यांचीही सुधारली! मग औषध कशात होतं? अ‍ॅक्शनमध्ये, की झाकलेल्या डोळ्यामुळे दुसऱ्याला करावी लागलेल्या तासन्‌तासांच्या कामात?

असे प्रश्न विचारणारेही याच काळात पुढे आले. 2008 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या वॉल्टर बूट, आर्थर क्रेमर, डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी नवख्यांना वीस तासांहून अधिक गेम खेळवले आणि अनेक चाचण्या घेतल्या. मुरलेले खेळाडू काही चाचण्यांत वरचढ निघाले, पण नवख्यांत सरावाने म्हणावा असा फरक पडला नाही. 2011 मध्ये बूट आणि सायमन्स यांनी आणखी मुळाशी हात घातला. 'गेम खेळणारे हवेत' अशी जाहिरात लावून माणसं बोलावली, तर त्यांना आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते कळतं आणि ती जीव लावून चाचणी देतात. 2013 मध्ये तर त्यांनी लोकांना गेमच्या नुसत्या चित्रफिती दाखवल्या आणि विचारलं, हा खेळ खेळलात तर कोणती चाचणी जमेल? लोक म्हणाले, अ‍ॅक्शनने नजर आणि अवधान, टेट्रिसने आकृत्या फिरवणं, सिम्सने गोष्ट लक्षात ठेवणं. अपेक्षांचा हा नकाशा शोधनिबंधांतल्या निष्कर्षांशी बराच जुळत होता. औषधाच्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या गोळ्या दिसायला सारख्या ठेवता येतात. गेमच्या चाचणीत आपण बंदूक चालवतोय की ठोकळे रचतोय, हे खेळणाऱ्याला दिसणारच. ही अडचण कितीही हुशारीने प्रयोग आखला तरी पुरती सुटत नाही.

विस्कळीत निष्कर्ष एकत्र करायची रीत म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस : सगळ्या अभ्यासांचे आकडे एकाच तराजूत घालून सरासरी परिणाम काढणं. 2018 मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या एकाच नियतकालिकाच्या लागोपाठच्या अंकांत असे दोन तराजू मांडले गेले. बेनवा बेदियू, बाव्हेलिए, ग्रीन आणि सहकाऱ्यांच्या हिशेबात मुरलेले खेळाडू आणि न खेळणारे यांच्यात 0.55 एवढा फरक निघाला, आणि नवख्यांना सराव देऊन केलेल्या अभ्यासांत 0.34. जोव्हानी साला आणि फर्नांद गोबे यांच्या गटाच्या हिशेबात मात्र सरावाचा परिणाम नगण्य होता. 2019 मध्ये जोसेफ हिलगार्ड यांनी साला, बूट आणि सायमन्स यांना सोबत घेऊन पहिला हिशेब पुन्हा मांडला आणि त्यात दोन दोष दाखवले. फरक न सापडलेले अभ्यास छापूनच येत नाहीत, त्यामुळे सरासरी फुगते. शिवाय त्याच माणसांची माहिती वेगवेगळ्या निबंधांत वाटून दिली की एकाच भाकरीचे चतकोर चार ताटांत वाढून चार भाकऱ्या झाल्यासारखं दिसतं.

0.34 म्हणजे नेमकं किती? अ‍ॅक्शन गेमचा सराव केलेला एक आणि दुसरा खेळ खेळलेला एक, अशा शंभर जोड्या लावल्या तर साधारण साठ जोड्यांत पहिला पुढे असेल. काहीच परिणाम नसता तर पन्नास. म्हणजे सगळ्यांत आशावादी हिशेब मान्य केला तरी शंभरात दहा जोड्यांचं पारडं फिरलेलं दिसतं, आणि हेही प्रयोगशाळेतल्या चाचणीवर. मथळ्यांत दिसणारा चमत्कार आणि हा आकडा यांच्यातलं अंतर वाचकाने पुस्तकभर लक्षात ठेवावं.

आज या मैदानात ढोबळमानाने तीन मतं दिसतात. पहिलं बाव्हेलिए-ग्रीन यांचं : अ‍ॅक्शन गेम एखादी युक्ती शिकवत नाहीत, ते अवधानावरची पकड मजबूत करतात आणि त्यामुळे माणूस नवं काम लवकर शिकू लागतो. याला ते 'शिकायला शिकणं' म्हणतात. दुसरं मत मधल्या वाटेचं. सिंगापूरच्या अ‍ॅडम ओइ आणि मायकेल पॅटरसन यांनी 2013 मध्ये वेगवेगळ्या गटांना वीस-वीस तास वेगवेगळे मोबाइल गेम दिले. ज्या खेळात जे काम करावं लागतं, त्याच्याशी मिळत्याजुळत्या चाचणीत तो तो गट सुधारला. म्हणजे धार लागते, पण त्याच घडणीच्या पात्याला. तिसरं मत थॉर्नडाइकच्या वारसदारांचं. साला-गोबे यांच्यासारखे संशोधक म्हणतात की बुद्धिबळ असो, संगीत असो की गेम, दूरवरचं संक्रमण सापडतच नाही, आणि सापडल्यासारखं वाटलं तर आधी प्रयोगाची आखणी तपासा. यात एक पोटप्रश्नही आहे. 2015 मध्ये नॅश उन्सवर्थ यांच्या गटाने दाखवलं की फक्त टोकाचे खेळाडू आणि अजिबात न खेळणारे घेतले तर फरक दिसतो, पण मधले सगळे धरले की तो जवळजवळ विरतो.

ज्येष्ठांकडे वळलो की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅडम गझाली यांच्या गटाने 'न्यूरोरेसर' बनवला. नागमोडी रस्त्यावर गाडी सांभाळायची आणि त्याच वेळी ठरावीक खूण दिसली की बटण दाबायचं. 60 ते 85 वयाच्या लोकांनी महिनाभर तो खेळला आणि दोन कामं एकदम करण्यात ते सराव न केलेल्या विशीतल्या तरुणांच्याही पुढे गेले. दुसरीकडे त्याच वर्षी बूट यांच्या एका अभ्यासात ज्येष्ठांना 'मारिओ कार्ट' दिला, तर तो त्यांना रुचलाच नाही. ठरलेले तास त्यांनी भरले नाहीत, मग क्षमता वाढायची कुठून? त्याआधी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅक्टिव्ह' या मोठ्या अमेरिकी चाचणीत 65 वर्षांवरच्या 2,832 लोकांपैकी तीन गटांना स्मृती, तर्क किंवा दृष्टीचा वेग यांपैकी एकेकाचा सराव दिला होता. ज्यांना ज्याचा सराव मिळाला, ते त्यातच सुधारले. पुन्हा धारवाल्याचीच गोष्ट. आणि 2018 मध्ये माँट्रियलच्या ग्रेग वेस्ट यांच्या गटाने एक सावध करणारी नोंद केली : 90 तास अ‍ॅक्शन गेम खेळल्यावर, वाटा सवयीने शोधणाऱ्या लोकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, किंचित घटलेला दिसला.

हे सगळं आत्ताच मराठीत का आणायचं? एक कारण उघड आहे. प्रश्न आता पार्लरमधून निघून प्रत्येकाच्या खिशात आला आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा घराघरांत झालेल्या भांडणांत 'गेमने मेंदू सडतो' आणि 'गेमने मेंदू तल्लख होतो' ही दोन्ही वाक्यं सारख्याच आत्मविश्वासाने फेकली गेली. 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 2022 पासून 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद लागू आहे. त्याच वेळी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये 8 ते 12 वर्षांच्या, अवधानाचा विकार असलेल्या मुलांसाठी एका गेमला डॉक्टरने लिहून द्यायचा उपचार म्हणून परवानगी दिली. एकच वस्तू एका दारात व्याधी आणि दुसऱ्या दारात औषध ठरते आहे.

दुसरं कारण बाजाराचं. 2010 मध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटाने 11,430 लोकांना सहा आठवडे मेंदूचे व्यायाम दिले. लोक त्या व्यायामांत तरबेज झाले, इतर कशात नाही. 2014 मध्ये सत्तरच्या वर शास्त्रज्ञांनी 'मेंदूच्या खेळां'च्या अवाजवी दाव्यांविरुद्ध निवेदन काढलं, त्याला शंभरहून जास्त जणांनी उलट निवेदन काढून उत्तर दिलं. आणि जानेवारी 2016 मध्ये 'लुमॉसिटी' या अ‍ॅपच्या कंपनीने फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून अमेरिकी व्यापार आयोगाशी 20 लाख डॉलरवर तडजोड केली. विसरभोळेपणाची भीती विकणारा हा बाजार आता आपल्या भाषेतही आला आहे, आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गाला 'बुद्धी वाढवा' ही हाक नेहमीच गोड लागते.

म्हणून या पुस्तकाने गेमची वकिली केलेली नाही आणि गेमवर खटलाही भरलेला नाही. हिंसा, व्यसन, मुलांची झोप, डोळ्यांचे विकार हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते वेगळे आहेत. गेमने अवधान सुधारत असेल म्हणून रात्री दोनपर्यंत खेळणं योग्य ठरत नाही, आणि रात्री दोनपर्यंत खेळणं वाईट म्हणून अवधानाचा पुरावा खोटाही ठरत नाही. पुस्तकातल्या लेखांनी एकच धागा धरला आहे : दावा समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. नेमकं काय सुधारलं? कशाच्या तुलनेत? आणि ते प्रयोगशाळेबाहेर कुठवर पोचलं? प्रयोगांचं वर्णन शक्य तिथे इतकं जवळून केलं आहे की वाचकाला मनातल्या मनात त्या खुर्चीत बसता यावं. आकडे कमी आहेत, पण जे आहेत त्यांचा अर्थ सांगितला आहे. ज्या दोन गटांचं आपसांत पटत नाही, त्यांना एकाच पानावर शेजारी बसवलं आहे. आणखी एक अडचण वाचकापासून लपवलेली नाही. 2003 मध्ये अ‍ॅक्शन गेम वेगळा ओळखता येत होता. आज भूमिका वठवायच्या, खेळांच्या, शर्यतींच्या सगळ्याच गेममध्ये त्याचे अंश मिसळले आहेत. तेव्हाचे बहुतेक प्रयोग संगणकावर आणि माउसवर झाले, आपली पोरं सहा इंची पडद्यावर अंगठ्यांनी खेळतात. जुना निष्कर्ष जसाच्या तसा उचलून इथे चिकटवता येणार नाही.

माझा स्वतःचा कौल शेवटी विचारलाच तर तो असा : अ‍ॅक्शन गेमने प्रौढांच्या दृश्य अवधानाला थोडी धार लागत असावी, ती किती हे वादग्रस्त आहे, आणि सर्वसाधारण बुद्धी वाढते याला भरवशाचा पुरावा नाही. या वादाची मला दिसलेली खरी कमाई मात्र गेमच्या बाहेरची आहे. शंका घेणाऱ्यांमुळे प्रयोग करणाऱ्यांना आपली आखणी सुधारावी लागली, तुलनेचा गट काळजीने निवडावा लागला, अपेक्षांचा हिशेब ठेवावा लागला. मेंदूचा कुठलाही व्यायाम, शाळेतली कुठलीही 'बुद्धिवर्धक' योजना, कुठलंही काढ्याचं पुडकं याच गाळणीतून घालता येतं.

राहता राहिली बहीण. तिला परवा फोन केला. म्हटलं, तुझा लेक डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायला शिकला असेल, हे शक्य आहे. पण फ्रिज उघडून कशाला आलो ते विसरणं, हा त्या खेळाचा प्रांतच नाही. तो स्मृतीचा मामला, आणि तिथे या खेळांनी काही हाती लागेल असं मी तुला सांगू शकत नाही. खेळावंसं वाटलं तर मजेसाठी खेळ. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे दुधाचं मला चिठ्ठीवरच लिहून ठेवायला हवं." म्हटलं, हो. चिठ्ठीवर कुणी मेटा-अ‍ॅनालिसिस केलेलं मला माहीत नाही, पण दूध येईल.